टेंभुर्णीचा दिवा ऑफलाइन आहे

माझा स्वभाव घाबरट. घरी सगळे त्यावरून चिडवतात. कुकरची शिट्टी दोन मिनिटं लांबली तरी मी ओट्यापासून चार हात दूर उभी राहते. त्यात आई गेल्यापासून वडील टेंभुर्णीला एकटे, आणि मी जालन्यात, एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात उगवण तपासायच्या कामावर. मी त्यांची एकुलती एक. इकडे राहायला या म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "तिथं येऊन काय भिताडं पाहत बसू?"

मागच्या हिवाळ्यात ते पडले. मोरीच्या उंबऱ्यात पाय घसरला, दिवेलागणीच्या जरा आधी. हाड वाचलं, पण उठता येईना, आणि सकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा कुठे कळलं. शेजारच्या काकू दवाखान्यात माझा हात धरून सारखं म्हणत होत्या, "घरात दिवा दिसला न्हाई गं बाई, मला वाटलं तुझ्याकडं गेले." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आणि त्यातून मी धडा काय घेतला, तर त्या घरात दिवा आपोआप लागला पाहिजे.

म्हणून फोनवर चालणारा दिवा आणला. बसवायला एक आख्खा रविवार गेला. आधी वायफायचा डबा फळीवर ठेवला. मग दिवा होल्डरला लावून बटण तीनदा झटपट बंद-चालू करायचं, म्हणजे तो लुकलुकतो, आणि लुकलुकतोय तोवर त्याला फोनमध्ये जोडून घ्यायचं. मी फोन घेऊन स्टुलावर, वडील बटणापाशी. त्यांचा हात हळू. तीनदा होईपर्यंत वेळ निघून जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या खेपेला ते वैतागले. "दिवा लावून राह्यली का मंतर टाकून राह्यली?"

शेवटी जमलं. रोज साडेसहाला दिवा आपोआप लागेल असं मी फोनमध्ये ठरवून टाकलं आणि वडिलांना एकच गोष्ट बजावली, भिंतीवरचं बटण कधीच बंद करायचं नाही. बटण बंद झालं तर दिव्याचा आणि माझ्या फोनचा संबंध तुटतो.

"बंद न्हाई करायचं तं मंग बटन ठेवलंय कशाला?" ते म्हणाले. मी त्यावर चिकटपट्टी लावून आले.

पहिले तीन आठवडे फार सुखाचे गेले. साडेसहा वाजले की फोनवर हिरवा ठिपका यायचा, 'दिवा चालू'. मी निवांत कणीक मळायला घ्यायचे. इतकी शांत मी आई गेल्यापासून नव्हते.

मग दुपारची 'ऑफलाइन' अशी अक्षरं यायला लागली. पहिल्या दिवशी वाटलं, लाइट गेली असेल. ती तिकडे जातेच. पण काकूंना विचारलं तर त्यांचा पंखा चालू. वडिलांना फोन लावला, उचलेनात. काकूंना पळवलं. त्या परत येऊन सांगतात, बसलेत, मेथी निवडतायत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चिकटपट्टी त्यांनी कधीच काढून टाकली होती. फोनवर मी ओरडले की ते कुरकुरत बटण लावायचे आणि वर मलाच सुनवायचे, "रोज बाईला धाडून माझी हजेरी घेती का?" मला वाटलं, आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करत आलेला माणूस, हाताची सवय जाणार नाही. राग यायचा. एवढं साधं ऐकता येत नाही का, असं मनात यायचं आणि लगेच स्वतःची लाजही वाटायची.

एका गुरुवारी दिवा सकाळपासूनच ऑफलाइन होता. वडिलांचा फोन बंद. काकू लग्नाला परगावी गेलेल्या. ओल्या कागदातले उगवलेले दाणे मी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. तीन वाजता साहेबांना सांगून निघाले. एसटी चुकली, मिळेल त्या जीपमध्ये बसले. रस्ताभर बोट फोनवर. ऑफलाइन. ऑफलाइन. मी मनात मोरीचा उंबरा पाहत होते, आणि तिथे पडलेले ते. शेजारच्या बाईने विचारलं, "कोणी आजारी हाये का?" मी पुन्हा फोन उघडून पाहिला.

गल्लीत शिरले तेव्हा अंधारून आलं होतं. दार उघडंच होतं. वडील मोरीतून हातपाय धुऊन येत होते, भिंतीला धरून, सावकाश. त्यांनी टोपी घातली, बटणापाशी गेले, बटण दाबलं आणि लागलेल्या दिव्याला हात जोडले. आई जोडायची तसे. मी दारात उभी राहून रडायलाच लागले.

ते दचकले. "अगं, तू कवा आल्ती?"

"आबा, बटण बंद करू नका म्हणून किती वेळा सांगितलं!"

"तुझा दिवा माझ्या आधी लागतो. म्या मोरीतून येतो तं हा लागलेला. हात जोडायचे कोणाला? दिवेलागण घरच्या माणसानं करायची असती. म्हणून दुपारीच बंद करून ठेवतो, आज सकाळीच केला." मग ते खाटेवर बसले. "अन् मला सांग, म्या तिथं मोरीत पडेल असतो, तरी साडेसहाला तुझा दिवा बराबर लागला असता ना?"

ते तीन आठवडे मला आठवले, कणीक मळतानाचे. वडील पडले असते तरी ठिपका हिरवाच आला असता, आणि काकूंनाही घरात उजेड दिसला असता. त्यांच्या जिवाला मी नवीनच धोका निर्माण करून ठेवला होता, तोही हौसेने.

मी फोन काढला आणि साडेसहाची वेळ पुसून टाकली.

"आता तुम्हीच लावा," मी म्हणाले. "लावला की मला तिकडे कळेल."

"अन् न्हाई लावला तं?"

"तर मी लगेच निघेन."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोन तास लागतात, माय," ते म्हणाले.