सात नंबरचा आलेख

कशिशला सूड घ्यायचा होता, आणि ती ते कुणापासून लपवतही नव्हती. पहिल्यांदा भेटली तेव्हाच मला म्हणाली, "पूजाताई, मला न्याय-बिय नको. त्या माणसाचं तोंड सगळ्यांसमोर पडलेलं बघायचंय." मला ती तिथेच आवडली. न्याय मागणारी माणसं चकरा मारून दमतात आणि गप्प बसतात. सूड घेणारं माणूस निदान रोज सकाळी उठून कामाला लागतं.

विंचूरच्या अलीकडे आमचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. मी तिथल्या ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं करते. कशिशची आई, हमीदाभाभी, आमच्याकडे अकरा हंगाम पॅकिंगला होती. घड देठाला धरून उचलायचा, मण्यावरची पांढुरकी भुकटी पुसली जाऊ द्यायची नाही, कात्रीच्या टोकाने खराब मणी तेवढा काढायचा. हे काम ती असं करायची की नव्या पोरींना शिकायला तिच्याच शेजारी बसवत. आमच्याकडे प्रत्येक पेटीवर ती भरणाऱ्या बाईच्या नंबराचं स्टिकर लागतं. हमीदाभाभीचा नंबर सात.

मागच्या मार्चमध्ये परदेशातून एका कंटेनरची तक्रार आली. माल सडला होता. सोबत चार पानांचा अहवाल होता आणि एक फोटो: बुरशी आलेली पेटी, तिच्यावर ठसठशीत सात. आमचा क्वालिटी मॅनेजर शेखर. त्याने तो फोटो मोबाइलवर मोठा केला, जेवणाच्या सुट्टीत दीडशे बायकांना गोळा केलं आणि हमीदाभाभीला पुढे बोलावलं. तिला दोन्ही हात पालथे-उताणे करायला लावले. नखं तपासली. म्हणाला, "हे हात बघून घ्या सगळ्यांनी. या हातांनी अण्णांचं नाव बुडवलंय." अण्णा म्हणजे आमचे मालक खंडेराव. ते तेव्हा बाहेरगावी होते.

डोक्यावरची जाळीची टोपी काढून भाभीने घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघाली. संध्याकाळी शेखरने सांगितलं तसं मी खुलासापत्र टाइप केलं: 'निष्काळजी पॅकिंग, कामगार क्रमांक ७, कामावरून कमी केले.' हे मी केलं, आणि ते इथे सांगून टाकते.

त्यानंतर तालुक्यातल्या एकाही पॅकहाउसने तिला घेतलं नाही. अशा गोष्टीला पाय फुटतात. 'सडक्या हाताची' हे नाव तिच्या आधी पोचायचं. शेवटी ती कांद्याच्या खळ्यावर निवडायला बसू लागली. तिथे पेटीवर नंबर नसतो.

कशिश तिची एकुलती एक लेक. नाशकात बीएस्सी कॉम्प्युटर झालेली, द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायच्या कामाला. रोज सकाळी विंचूरहून बस, संध्याकाळी परत. एप्रिलमध्ये एका रविवारी ती माझ्या घरी आली आणि सरळ विचारलं, "अहवालाची चार पानं होती ना? आईला एकच फोटो दाखवला. बाकीची पानं द्याल?"

मी दिली. मी काही देवमाणूस नाही. शेखरने दिवाळीत माझी रजा कापली होती आणि वर सगळ्यांदेखत हसला होता. चोरून कागद द्यायला मला एवढं कारण पुरलं.

अहवालात सडलेल्या पेट्यांची यादीच होती, नंबर आणि भरल्याच्या तारखेसह. एकशे बारा पेट्या, आणि नंबर जवळजवळ सगळ्याच बायकांचे: तीन, नऊ, एकवीस, चाळीस. सातच्या पेट्या फक्त चार. कशिशने यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग हे सगळं एकदम सडलं कशाने?"

ते मला माहीत होतं. पॅकहाउसातल्या सगळ्यांनाच माहीत असतं. माल भरल्यावर पेट्या थंड खोलीत जातात, तिथे मणी आतून एक अंशापर्यंत गार व्हावा लागतो. आमच्याकडे शनिवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि जुना जनरेटर दोनच खोल्या ओढतो. तिसऱ्या खोलीतला माल तसाच कोमट बसतो. पण खोलीच्या रजिस्टरमध्ये मात्र शनिवारीही दर दोन तासांनी एक अंश, एक अंश, एक अंश. ते रजिस्टर सकाळीच दिवसभराचं भरून ठेवायची पद्धत. एकाच पेनाने, चहाच्या आधी. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसं ते चालतं.

खोली सांभाळणारा भारत मात्र दर दोन तासांनी तापमापकाच्या काट्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. अण्णांनीच तसं सांगितलं होतं, आणि नंतर ते स्वतः विसरून गेले होते. गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आणि मधे मधे भारतचे फोटो. कशिशने माझ्या मोबाइलवरून तो सगळा ग्रुप उतरवून घेतला. अकराशे फोटो निघाले. रजिस्टरच्या पानांची नक्कलही मीच तिला दिली.

पुढचे सहा महिने तिचे रविवार त्यात गेले. एकेक फोटो उघडायचा, आकडा वाचायचा, टाकायचा. मग तिने एक वेबपान केलं. त्यात दोनच रकाने: तारीख आणि पेटीचा नंबर. कुठलाही एक भरून बटण दाबलं की तिथल्या तिथे आलेख उमटायचा, तारखेला त्या दिवसाचा, नंबराला अख्ख्या हंगामाचा. निळी रेघ रजिस्टरची, लाल रेघ भारतच्या फोटोंची, आणि त्या नंबराच्या सडलेल्या पेट्या ज्या दिवशी भरल्या तिथे काळे ठिपके. लाल रेघेवर कुठेही बोट ठेवलं की तो मूळ फोटो उघडायचा.

पहिली चाचणी तिने आईवरच घेतली. भाभीने मोबाइलवर मराठीत ७ टाकला आणि आलेख कोरा आला. पानाला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. "बघ, मशीनलापण मी चालंना," भाभी म्हणाली. कशिश अर्धा दिवस त्यावर बसली. दुसऱ्या खेपेला रेघा आल्या, पण आलेख आपोआप ताणला जाऊन अर्ध्या अंशाचा फरक डोंगराएवढा दिसायला लागला. मी म्हटलं, राहू दे की, चांगलं भयंकर दिसतंय. ती माझ्यावरच चिडली. "खोटा डोंगर काढला तर त्याच डोंगराआडून तो निसटेल. शून्य ते दहा एवढंच माप ठेवायचं, कायम. आणि ज्या तासाचा फोटो नाही तिथे रेघ तोडायची, जोडायची नाही." सूड इतका नीटनेटका घेता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

डिसेंबरात हंगामाचा पहिला दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे कात्र्या आणि वजनकाट्यांची पूजा होते, नारळ फुटतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्या बायकांना नियम दाखवतात. मी अण्णांना आधीच सांगून ठेवलं होतं की एक मुलगी पेटीचा माग दाखवणारं पान फुकटात दाखवायला तयार आहे, परदेशी गिऱ्हाइकांना असलं लागतं. फुकट म्हटल्यावर अण्णा नाही म्हणत नाहीत. ती कुणाची मुलगी हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

कशिशने टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि शेखरला म्हणाली, "सर, तारीख तुम्हीच टाका ना."

शेखर खूश झाला. त्याने एक मंगळवार टाकला. निळी आणि लाल रेघ एकमेकींना चिकटून सरळ गेल्या. "बघा अण्णा, आपली शिस्त," तो म्हणाला. मग त्याने एक गुरुवार टाकला. तेच.

"आता बायकांना त्यांचे नंबर टाकू द्या," कशिश म्हणाली.

तीन नंबरची भिमाबाई पुढे आली. मार्चमध्ये हमीदाभाभीच्या नखांकडे बघून तोंडाला पदर लावणारी ती हीच. तिने जपून तीन टाकला. सहा काळे ठिपके उमटले. सहाच्या सहा एकाच दिवसावर. "ह्यो कोणता वार?" तिने विचारलं. शनिवार, कशिशने सांगितलं. नऊ नंबरची आली. शनिवार. एकवीसची आली. शनिवार. मग रांगच लागली. ठिपके कुणाचे दोन, कुणाचे आठ, पण जागा तीच.

"सात टाका," मागून कुणीतरी म्हणालं. कशिशने टाकला. चार ठिपके, त्याच शनिवारी. निळी रेघ एक अंशावर निजलेली आणि लाल रेघ वर चढत सातच्या पुढे गेलेली. कशिशने लाल रेघेवर बोट ठेवलं. सकाळी दहाचा काट्याचा फोटो उघडला, सहा पूर्णांक आठ, आणि त्याखाली ग्रुपवरचं उत्तर: शेखर, आणि वर केलेला अंगठा.

शेखर म्हणाला, "हे फोटो कुणीही बनवू शकतं."

"मी काढल्येत ते," भारत दारातून म्हणाला. "तुम्हाला फोनबी केलता. तुम्ही म्हणले, कंटेनर उभाय, भर."

अण्णांनी टीव्हीजवळ जाऊन तो अंगठा बघितला. मग त्यांनी विचारलं, "पोरी, तुझं नाव काय?"

"कशिश. सात नंबरची मुलगी."

शेखर दीडशे बायकांमधून वाट काढत बाहेर गेला. एकीनेही सरकून जागा दिली नाही, त्याला प्रत्येकीला बाजूला व्हा म्हणावं लागलं. मला फार बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं. तो परत आला नाही. चार दिवसांनी अण्णा स्वतः विंचूरला हमीदाभाभीच्या घरी गेले. भाभीने एकच अट घातली: नंबर सातच पाहिजे.

ती कामावर आली त्या आठवड्यात मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. अर्धा विजय आपला, असंच मला वाटत होतं. भाभीने बसायला खुर्ची दिली आणि ती चहा टाकायला आत गेली. कशिशने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"ताई, त्या दिवशी तुम्ही काही टाकलंच नाही. टाका की. तोच शनिवार."

मी हसत टाकला. रेघा उमटल्या. "बाराचा फोटो उघडा," ती म्हणाली. मी लाल रेघेवर बोट ठेवलं. सात पूर्णांक दोन. खाली शेखरचा अंगठा. त्याच्याखाली आणखी एक अंगठा होता, आणि त्यापुढे माझं नाव.

मला तो दिलेला आठवतही नव्हता. ग्रुपवर काही आलं की मी देते, सगळेच देतात.

"बघितला होता का फोटो?" कशिशने विचारलं.

"नाही गं."

"मला वाटलंच. त्या दिवशी टीव्हीवर मी तुमचं नाव झाकलं होतं. तोवर मला तुमची गरज होती, कागदांसाठी आणि पान दाखवायच्या परवानगीसाठीही." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आज सकाळी झाकण काढलं. पानाची लिंक बायकांच्या ग्रुपवर आहे."

भाभीने चहा आणला, पेढ्यांचा डबा उघडून पहिला पेढा माझ्याच हातावर ठेवला. माझ्या पर्समध्ये मोबाइल वाजू लागला, एकामागून एक. मी तो काढला नाही. कशिश समोर बसून राहिली, आणि माझा चहा संपेपर्यंत तिने ते पान बंद केलं नाही.