दारातली बादली

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की सुरतेच्या या खोलीतही मला आईच्या घराचं दार आठवतं. आठवीत शाळा सोडून मी नाशकात कामाला लागले, तिथेच येशूवर विश्वास बसला, पण घरी सांगायची छाती नव्हती. त्या ईस्टरला पहाटे दफनभूमीत उपासना झाली, आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावल्या आणि मी नाशकातल्या द्वारका चौकातून पहिल्या गाडीने सायखेड्याला घरी आले. आई दारातच होती. "कुठून आलीस गं? मेणाचा वास येतोय." खोटं बोलवेना. "दफनभूमीतून," म्हणाले. "कोण गेलं?" म्हणत तिने पाण्याची बादली दारात आणली, कारण मसणातून आलेल्याला आमच्याकडे अंघोळीशिवाय आत घेत नाहीत. आता खरं कळल्यावर ही मला कायमची बाहेर ठेवणार, अशी भीती वाटली. तरी चाचरत सांगितलं, येशू मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी जिवंत उठला, त्याचा आज सण, आणि मी आता त्यालाच मानते. आईने बादलीकडे बघितलं. "म्हंजी आज कोणी मेलंच नाय?" "नाही." "मग पाणी कशाला वाया घालायचं? ये आत." ती आजही वणीच्या देवीला जाते, पण दर ईस्टरला पहाटे तिचाच फोन येतो, "उठला का गं तुझा देव?"