ज्या दिवशी त्याला घाम आला नाही

वडिलांची रातपाळी सकाळी सुटायची, म्हणून आमची धाव उन्हातच व्हायची. उधन्याच्या कापड मिलमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. आम्हा दोघा भावंडांना मात्र पोलिसात भरती करायचं त्यांनी ठरवलं होतं. आमच्या धावेची वेळ मोजायचं घड्याळ ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. डोळे तांबारलेले, सदऱ्यावर सुताचे तंतू, तसेच ते बमरोलीच्या मैदानावर यायचे.

भाऊ माझ्याहून वर्षाने मोठा. पहिल्या फेरीतच त्याची गंजी पिळण्याइतकी भिजायची. मला घाम उशिरा यायचा, थोडाच यायचा, पण तोंड लालभडक व्हायचं.

"टमाटर, बस सावलीत," तो चिडवायचा. "चोर पळायचं सोडून तुलाच पाणी पाजत बसतील."

मे महिना होता. त्या दिवशी मी मधेच थांबले, बाभळीखाली बसले. वडील धावत आले.

"पोरनं तोंड देखा कसं लाल व्हयनं! पानी आना!"

शेजारच्या चाळीतली मावशी कळशी घेऊन आली. दोघांनी मिळून ती माझ्या डोक्यावर रिती केली. तेवढ्यात भाऊ आमच्यापुढून गेला. चेहरा राखेसारखा, कपाळ कोरडं.

"याले म्हनतस आंडोर," वडील लेकाकडे बघत कौतुकाने म्हणाले. "घामबी नई!"

मावशी हसली. मीही हसले असेन. पुढच्या वळणावर तो वाकडातिकडा चालू लागला आणि पडला. अंगाला हात लावला तर चटका बसला. कळशीत थेंब नव्हता. रिक्षात त्याने मला ओळखलं नाही. संध्याकाळपर्यंत तो गेला. दवाखान्यात म्हणाले, ऊन लागलं.

भरतीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. मी शिकले, शिक्षिका झाले. प्रयोगशाळेत तरुण मुलामुलींना यंत्राच्या पट्ट्यावर धावायला लावून कुणाला किती घाम येतो, कुणाची नाडी केव्हा उतरते, हे मोजतात. त्यावरची पुस्तकं मी मिळवून वाचली. मुलांना घाम लवकर आणि जास्त, मुलींना कमी. आमचंही तसंच होतं. पण त्या कोष्टकांतली सगळी मुलं पट्ट्यावरून उतरून घरी गेलेली असतात.

"पुस्तकमा काय लिखेल शे?" वडील विचारतात.

मी सांगते, एवढ्या उन्हात घाम थांबणं म्हणजे ताकद नाही, शरीर हरलेलं असतं. ते "हां" म्हणतात. काही दिवसांनी पुन्हा तेच विचारतात, आणि मी पुन्हा तेच सांगते.