खटक्याला बांधलेली ट्यूब

दुपारी लाइट गेली तशी मशीन टेबलावर टाकून सगळे चहाला उठले. परतले तेवढ्यात लाइट आली आणि सात इंची ग्राइंडर मशीन कुणी हात न लावता सुरू झाली. उडी मारून खाली पडली, रोशनीच्या बुटापासून वीतभर अंतरावर फरशीवर ठिणग्या काढत गरगर फिरली. रोशनीने धावत जाऊन बोर्डातली पिन उपसली.

मशीनच्या खटक्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली!

"कोनं बांधली ही?"

हिंगण्याच्या त्या फॅब्रिकेशन शेडमधल्या सगळ्या माना खाली गेल्या.

रोशनी म्हणजे बारा वर्षं लोखंड घासणारी, शेडमधली एकटी बाई. ही मशीन तिनेच निवडली होती. तेव्हा दुकानात शेडचे मालक म्हणाले होते, "बॅटरीवाली घे वं, हलकी आहे."

"जाड लोखंडी चॅनल कापाचे आहेत, बॅटरी दुपारीच बसते. वायरवालीच घ्या. अन् खटका दाबून धराचा पाहिजे. हात सुटला का मशीन बंद."

एकदा सरकवलं की चालूच राहणाऱ्या बटणाची स्वस्त पडत होती. पण रोशनी काउंटरवरून हललीच नाही.

आणि त्याच खटक्याला ट्यूब!

"माहा पाय गेला असता तं माह्या पोरीले तुम्ही पोसणार होते का गा?"

सोबत काम करणारा बंटी हसला. "ताई, पाय आहे ना जागेवर! काहून तापून राहिली?"

"तुह्या पायावर ठेवू का चालू करून? मग हास!"

बंटीचं हसू विरलं. मागून आवाज आला, "मी बांधली."

देवाजीकाका. चकती कशी लावायची, हे तिला शिकवणारे.

"तुम्ही? चकतीवरचा गार्ड मी काढला म्हणून माह्या हातातून मशीन हिसकली होती तुम्ही!"

काकांनी हात पुढे केले. "तीस वर्षं मशीन थरथरली या हातात. बोटं बधिर झाली, पोरी. खटका दाबून धरल्या जात नाही. मालकाले समजलं तं उद्या घरी."

रोशनीने पट्टी कापून भिरकावली. "मग मले सांगाचं होतं! लोकायचा जीव धोक्यात टाकाल, पण तोंड उघडणार नाही! आजपासून तुमचं मी कापते. तुम्ही माप घ्या, खडूनं रेघ मारा."

"अन् मालकानं विचारलं तं?"

"त्यायच्याच शेडमधे झिजली ही बोटं. विचारा म्हणा मले, पाहतेच मी!"

खडू काकांच्या हातातून दोनदा निसटला. रोशनीने तो उचलून त्यांच्या मुठीत कोंबला आणि ओरडली, "वाकडी आली तं मी सरळ कापीन. मारा रेघ!"