जावयाच्या ट्रकमध्ये बाबा

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे पांढरकवड्याला राहायला आले. त्यांनी उभं आयुष्य नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला. कमरेनं जोर सोडला तेव्हा थांबले. माझ्या लहानपणी ते घरी यायचे, जेवायचे, झोपायचे आणि परत निघायचे. मला त्यांनी एकदाही केबिनमध्ये बसवलं नाही. काय पाहिलं, कुठं थांबले, हेही कधी सांगितलं नाही.

माझ्या नवऱ्याला कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा नाद आहे. त्यानं कुणाकडून तरी जुनं स्टिअरिंग आणलं आणि इस्त्रीच्या टेबलाला आवळून बसवलं. पेडल फरशीवरून सरकायचे म्हणून खाली गोणपाट टाकलं. गेम मूळचा परदेशातला. त्यात कुणीतरी आपले रस्ते आणि आपले ट्रक घुसवलेले, त्यामुळे सगळंच जरा बिघडलेलं. पाऊस केबिनच्या आतही पडतो. बैलगाडी रस्त्यापासून हातभर वर चालते. धाब्याच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात. तरी घाट उतरताना इंजिनाचा जो आवाज येतो, तो अगदी खरा.

त्या आवाजानं बाबा एका संध्याकाळी खोलीतून बाहेर आले. खुर्ची ओढून नवऱ्याच्या शेजारी बसले.

"जवाईबापू, हे बैल तं हवेत चालून राह्यले."

"हो मामाजी, फुकटचा नकाशा आहे ना."

"पन गाडी बराबर हाये. उतारावर गेअर कमी करा. ब्रेकवर जाऊ नका."

दोघं हसत बसले. मला बरं वाटलं, पण ते थोडेच दिवस टिकलं. रोज संध्याकाळी बाबा पाचपासून दाराकडे पाहत बसायचे, नवरा बँकेतून कधी येतो म्हणून. मी चहा दिला तर "ठेव" एवढंच. नवरा आला की त्यांना वाचा फुटायची. आदिलाबादच्या अलीकडं तुटलेला इंजिनाचा पट्टा, सोबतच्या ड्रायव्हरनं केलेली जळकी खिचडी, सगळं त्याला. मी पोळ्या लाटत ऐकायची, आणि पोळ्या जाड व्हायच्या.

एकदा गेममध्ये दवाखान्याची इमारत लागली. बाबा म्हणाले, "असाच दवाखाना होता, जवाईबापू. हे जन्मली तेव्हा मी संत्र्याची गाडी बाहेर लावून पाह्याले गेलतो. हातभर ग्रीस. नर्स म्हने, घ्या पोरगी. मी घेतलीच नाई. एवढीशी पोर, तिले डाग लागले असते."

माझा हात तव्यावर थांबला. आई मला नेहमी सांगायची, तुझ्या बापानं दारातून पाहिलं आणि गेला, हातातही घेतलं नाही. मी तेवढंच धरून मोठी झाले होते. ग्रीसचं मला कुणी बोललं नव्हतं. आणि आता ते सांगितलं, तेही मला नाही, याला. माझ्या जन्माची गोष्ट माझ्या नवऱ्याला माझ्याआधी मिळाली. त्या रात्री मी त्याच्याशी धड बोलले नाही. त्याला कारण कळलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपल्यावर मी कॉम्प्युटर लावला. मला तर साधी स्कूटीच येते. पहिल्याच वळणावर ट्रक कठड्यातून आरपार गेला आणि नाल्यात उलटा पडला. चाकं फिरतच राहिली. आवाजानं बाबा उठून आले.

"कोन चालवून राह्यलं?"

"मी."

ते थोडा वेळ उभे राहिले, मग खुर्ची ओढली. "नव्यानं लाव. एकदम जोर देऊ नको."

पुलापर्यंत मी नीट नेला. मग पुढं पाहतच विचारलं, "बाबा, ते ग्रीसचं मले काहून नाई सांगितलं?"

त्यांनी पडद्यावरच्या रस्त्याकडं पाहिलं.

"तुह्याकडं पाहून बोलता येत नाई मले," ते म्हणाले. "तुह्या मायसारखी दिसतं तू. इथं कसं, रस्त्याकडं पाहत बोलता येते."

मी मान वळवली नाही. डोळे भरले होते, आणि समोर केबिनमध्येच पाऊस पडत होता. धूसर कशानं दिसतंय तेच कळेना. "आता सांगा ना मंग," म्हटलं.

"इंडिकेटर दे आधी," ते म्हणाले, आणि मग बोलू लागले. आईला पहिल्यांदा हैदराबाद दाखवलं तेव्हा ती केबिनमध्ये कशी पाय वर घेऊन बसली होती, ते. हे त्यांनी जावयाला सांगितलं नव्हतं. मी त्यांनाच विचारून खात्री करून घेतली.

संध्याकाळी नवरा आला तशी बाबांची कळी खुलली. "जवाईबापू, इनं तुमची गाडी नाल्यात घातली." दोघं खदखदून हसले आणि मला पुन्हा आतून जळल्यासारखं झालं. त्याच्याशी ते जितकं हसतात, तितकं माझ्याशी अजूनही नाही.

पण दुपारी दोन ते चार घरात आम्ही दोघंच असतो. आता बाबा त्या वेळेला झोपत नाहीत.