पाणीवाल्या बाई आणि पावाच्या गाडीचे इंजिन

त्यांना ‘पाणीवाल्या बाई’ म्हणून ओळखणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा अजूनही समज आहे की त्या पाण्याचे टँकर पुरवतात. टंचाईत त्यांच्या दारी रिकामे ड्रम घेऊन आलेल्या लोकांच्या गोष्टी त्यांचे यजमान रंगवून सांगतात. त्यातली एक तरी खरी असावी, कारण विसरून गेलेला एक ड्रम अजून त्यांच्या अंगणात आहे आणि त्यात झिजलेले टायर ठेवलेले आहेत.

प्रत्यक्षात बाई मोटार चालवायला शिकवतात. नावातले पाणी आले ते त्यांच्या शिकवण्याच्या रीतीतून. विद्यार्थी जरा सरावला की बाई घरून आणलेला स्टीलचा पेला पाण्याने जवळजवळ भरून डॅशबोर्डवर ठेवतात. गोदामाच्या मागच्या चढावर मध्येच गाडी थांबवायची आणि पाणी न सांडता पुन्हा हलवायची. ज्याचे पाणी सांडत नाही, तो परीक्षेला बसायला मोकळा. ज्याचे सांडते, त्याने फडके घेऊन गाडी पुसायची.

शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. पुष्कळ गाड्यांत ते विद्यार्थ्याच्या पेडलांना दांड्याने जोडलेले असतात. शिक्षकाने आपला क्लच दाबला की विद्यार्थ्याच्या पायाखालचा क्लचही खाली जातो आणि मदत झाल्याचे त्याला तत्काळ कळते. बाईंच्या गाडीत मात्र, कुण्या जुन्या कारागिराच्या कल्पनेमुळे, दोन क्लचना दोन स्वतंत्र केबली होत्या. या तपशिलाची वर्षानुवर्षे कुणी दखल घेतली नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ तिथे आहे.

गाडी म्हातारी झाली होती. सपाटीवर ती वेळ मारून नेई, चढावर मात्र तिचे पितळ उघडे पडे. त्या वर्षी बाईंकडे एक परिचारिका शिकायला येत होत्या; सगळे त्यांना सिस्टर म्हणत. डोंगरावरच्या वस्त्यांत जाणाऱ्या फिरत्या दवाखान्यावर त्यांची नेमणूक होऊ घातली होती, पण ती गाडी त्यांनाच चालवावी लागणार होती. परवान्याच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या, दोन्ही वेळा चढावर. पहिल्या वेळी इंजिन बंद पडले. दुसऱ्या वेळी गाडी मागे घरंगळली आणि परीक्षकांनी हातातले पेन खिशात टाकले. दवाखाना आणखी एका परीक्षेपुरता थांबायला तयार होता, त्यापुढे नाही.

बाईंनी दोष स्वतःकडे घेतला. “या वेळी सिस्टर पास झाल्या नाहीत, तर मी पाटी उतरवीन,” त्या घरी म्हणाल्या. पाटी म्हणजे गाडीच्या टपावरची, शिकवणीच्या नावाची. यजमानांना हा राग वाटला. बाईंच्या धाकट्या दिरांना तो तसा वाटला नाही, आणि म्हणून ही हकिकत पुढे सरकली.

दीर गॅरेज चालवतात. त्यांनी इंजिनाचा दाब तपासला आणि हात पुसत म्हणाले, “वहिनी, हे इंजिन आता गाडी ओढत नाही. उपकार करतंय तुमच्यावर.”

“मग काय करायचं?”

“नवी गाडी घ्या.”

“घेते की. तुम्ही म्हणालात तर दोन घेते. पैसे द्या, भाऊजी.”

दिरांनी पैशांचा विषय तिथेच सोडला आणि भंगारवाल्याकडची एक व्हॅन सुचवली. कंपनी तीच, पण इंजिन मोठे: तीनाऐवजी चार सिलिंडरचे. ही व्हॅन एका बेकरीची होती, एवढ्यावर वहिनी-दिरांचे एकमत आहे. ती भिंतीवर आपटली असे बाई सांगतात, मागून ट्रकने ठोकली असे दीर सांगतात. भिंतीवर आपटलेल्या गाडीचे इंजिन धड राहणे अवघड, तेव्हा दिरांची हकिकत अधिक संभवनीय दिसते. इंजिनाच्या खाचाखोचांत तेलात कालवलेल्या मैद्याचा थर बसला होता आणि तो खरवडायला बाई स्वतः दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसल्या होत्या, याबद्दल वाद नाही.

कामाला सुरुवात परिवहन कार्यालयाच्या परवानगीने झाली. त्याबाबतीत बाई काटेकोर आहेत. मग जुने इंजिन साखळीने वर उचलले गेले आणि रिकाम्या जागेत मोठे बसेना. लांबी आड येत होती. दिरांनी रेडिएटर पुढे सरकवला आणि मागचा पंखा काढून त्याच्या पुढच्या बाजूला विजेवर चालणारा बसवला. इंजिन ज्यांवर टेकते ते कंस बाजारात मिळणारे नव्हते. ते त्यांनी माळ्यावरच्या मोडक्या लोखंडी खाटेचे पाय कापून, वेल्डिंग करून घडवले.

“आमच्या लग्नातली खाट ती,” यजमान हळहळले.

“तिच्यावर झोपून तुमची पाठ धरायची,” बाई म्हणाल्या. “आता निदान कुणाचा तरी भार सोसेल.”

वजन वाढल्यामुळे गाडीचे नाक खाली झुकले, म्हणून व्हॅनच्याच स्प्रिंगा आल्या. “इंजिन दमदार झालं आणि ब्रेक जुनेच ठेवले तर मी शिकवणार नाही,” असे बाईंनी बजावल्यावर ब्रेकही तिचेच आले. कार्यालयाच्या माणसाने येऊन इंजिनावरचा नंबर पडताळला. कामासाठी उतरवलेली पाटी दीर पुन्हा टपावर चढवायला निघाले, तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला. “आत्ता नको. सिस्टरचं होऊ दे.”

पहिली चाचणी त्याच चढावर झाली. सिस्टर चालकाच्या जागी, बाई शेजारी, पेला डॅशबोर्डवर. गाडी थांबली, हलली, वर गेली. पाणी जेमतेम थरथरले.

“बाई! झालं की हो!” सिस्टर ओरडल्या.

“अजून नाही झालं,” बाई म्हणाल्या. “परीक्षेला तिथं मी नसते. भाऊजी, तुम्ही बसा माझ्या जागी. परीक्षक साधारण तुमच्याच वजनाचे आहेत.”

“हे कौतुक समजू का?” म्हणत दीर बसले. या वेळी गाडीने अशी उडी घेतली की पेला थेट त्यांच्या मांडीवर आला आणि इंजिन बंद पडले.

“उतरा सिस्टर, मी दाखवते,” बाई म्हणाल्या. त्यांनी सीट पुढे ओढली, पेला पुन्हा भरला, चढावर गाडी थांबवली आणि क्लच सोडला. पाणी काचेवर उडाले. दुसऱ्यांदाही उडाले. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. फडके घेऊन त्यांनी स्वतःच काच पुसली आणि एवढेच म्हणाल्या, “पाय गेला माझा.”

दुसऱ्या दिवशी दीर गाडीखाली शिरले आणि कारण घेऊनच बाहेर आले. इंजिनाबरोबर आलेल्या व्हॅनच्या गिअरबॉक्सवर क्लचची केबल जोडायची जागा बाईंच्या बाजूला होती. त्यांची केबल तिथे सरळ पोहोचत होती. चालकाची केबल मात्र इंजिनाला वळसा घालून, मान मुरगळल्यासारखी वाकवून आणलेली होती. ती अडकायची आणि मग झटक्याने सुटायची.

“पाय नाही गेला वहिनी, केबल अडकतेय. चूक माझी. लांब केबल घालून मोठं वळण देतो, लोण्यासारखी चालेल.”

कुणीही सुटकेचा श्वास टाकला असता. बाई विचारात पडल्या. “मग मी शेजारी बसले होते तेव्हा सिस्टरची केबल का नाही अडकली?”

दिरांनी पाना उगाच या हातातून त्या हातात घेतला. “खरं सांगू? रागावणार नाही ना?”

“आधी सांगा. रागवायचं मी मागाहून ठरवते.”

“तेव्हा गाडी सिस्टर नव्हत्या चालवत. तुम्ही चालवत होता.”

“मी? मी पेडलाला पायसुद्धा लावत नाही!”

दीर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी केबल बदलली. आणि गॅरेजच्या दारावरची, दाबले की चिमणीसारखी चिवचिवणारी बॅटरीची घंटी काढून तिची कळ बाईंच्या क्लचखाली बसवली. पेडल जराही दबले की घंटी वाजणार.

सिस्टरांनी गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत चिमणी चिवचिवत होती. कोपऱ्यावर चिवचिवली, गतिरोधकावर चिवचिवली, चढावर तर तिने अक्षरशः दम घेतला नाही. वरच्या मजल्यावरची एक बाई पिंजरा शोधत खिडकीत आली.

“बाई,” सिस्टर हळूच म्हणाल्या, “म्हणजे मला काहीच येत नाही का?”

“तुम्हाला किती येतं ते मी कधी कळूच दिलं नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हालाही नाही, मलाही नाही.”

घरी ही बातमी ऐकून यजमानांनी मान डोलावली. “माझ्यासाठी हे नवं नाही. स्वयंपाक मी करतो, मीठ ही टाकते.”

बाईंचे आधीचे सगळे विद्यार्थी बाईंच्याच पायावर पास झाले, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. परीक्षेच्या वेळी त्यांच्या शेजारी बाई नव्हत्याच. बहुधा जुने इंजिन धडधाकट असताना ते क्लचमधल्या चुका पोटात घालत असावे. ते थकले, तेव्हा त्या उघड्या पडू लागल्या. हा तर्क बाईंना मान्य आहे. दिलासा म्हणून तो स्वीकारायची मात्र त्यांची तयारी नाही.

त्यानंतरची शिकवणी दोघींची झाली. सिस्टर पाय चालवायला शिकत होत्या, बाई पाय आवरायला. चिमणी वाजली की सिस्टर म्हणत, “बाई, तुमची पाळी,” आणि फडके बाईंना धरावे लागे. हळूहळू वाजणे चढापुरते उरले. मग एका सकाळी गाडी चढावर आखलेल्या पांढऱ्या रेघेवर थांबली, हलली, वर गेली. पेल्यातले थोडे पाणी सांडले आणि चिमणी अवाक्षर बोलली नाही. बाईंनी सांडलेल्या पाण्याकडे पाहिले. “हे तुमचं स्वतःचं सांडलंय,” त्या म्हणाल्या, “आता सुधारता येईल.” आणि ते सुधारलेही.

परीक्षेच्या दिवशी दिरांनी घंटी काढून ठेवली होती. परीक्षक शेजारी बसले तेव्हा पुढच्या स्प्रिंगा किंचित दबल्या, एवढेच. बाई आणि दीर परीक्षेच्या चढाच्या पायथ्याशी उभे राहिले. गाडी रेघेवर थांबली.

“वहिनी,” दीर कुजबुजले, “पाय.”

बाईंनी खाली पाहिले. त्यांचा डावा पाय चप्पल मातीत रुतवून दाबून धरलेला होता. त्यांनी तो उचलला आणि दिरांचा खांदा धरून एका पायावर उभ्या राहिल्या. वर इंजिनाचा आवाज किंचित जाड झाला. गाडी तसूभरही मागे आली नाही. कुणी हलके धरून उचलावी तशी निघाली आणि माथ्यावरून दिसेनाशी झाली.

इंजिन बदलले नसते तर सिस्टर पास झाल्या असत्या का, हा प्रश्न त्या घरात अजून मिटलेला नाही. दीर म्हणतात, शक्यच नव्हते. बाई म्हणतात, पाय आवरला असता तर कदाचित. डोंगरावरच्या वस्त्यांहून दवाखान्याची गाडी घेऊन परतताना सिस्टर कधी चहाला थांबतात, तेव्हा दोघांचे ऐकून घेतात आणि म्हणतात, “मला दोन्ही लागलं.” पुराव्याकडे पाहता तिघांत त्यांचेच म्हणणे ग्राह्य वाटते.

त्या दिवशी मात्र वाद घालायला कुणाला उसंत नव्हती. गाडी वळसा घालून परत आली. परीक्षक उतरले, जाता जाता बॉनेटवर थाप मारून म्हणाले, “ही पूर्वी रडायची. आता बरी आहे,” आणि कार्यालयात निघून गेले. सिस्टर स्टीअरिंगवरचे हात न काढता तशाच बसून होत्या, हसत होत्या, आणि बाईंच्या डोळ्यांकडे पाहायचे टाळत होत्या, कारण तिकडे पाहिले असते तर रडू आले असते.

बाईंनी मागचे दार उघडले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली टपावरची पाटी त्यांनी येतानाच सोबत घेतली होती. ती बाहेर काढून त्यांनी दिरांपुढे हात केला.

“भाऊजी, पाना द्या. आणि लांब उभे राहा. मदत नको.”