तबेल्यातले शिवणारे उंदीर

मावशी शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांचं दुकान माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे. मशीन उघडण्याआधी त्या गिऱ्हाइकाला ते चालवायला लावतात आणि स्वतः डोळे मिटून घेतात. गिऱ्हाईक बिचारं पायडल मारत राहतं. थोड्या वेळाने मावशी म्हणतात, "सातवा टाका सुटतोय. हुक घासलाय." त्यांचं चुकलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

वय अठ्ठावन्न. दोन्ही गुडघे कुरकुरतात. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं. "बघायला आले तेवढे सगळे बोलत होते," त्या म्हणाल्या. "ऐकणारा एक आला नाही."

या बाईंकडे घोडा आहे.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेत त्या खोगिरं शिवायचं जाड मशीन दुरुस्त करायला गेल्या होत्या. शाळा बंद पडायच्या बेतात होती. मावशी मशीनवर वाकलेल्या असताना मागून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. "थांबा जरा, काम चाललंय," त्या न वळता म्हणाल्या. तो थांबला. चांगला तासभर. तांबूस रंगाचा, उतारवयाचा, कुणालाच नको असलेला घोडा होता तो.

संध्याकाळी त्यांच्या भावाने कपाळावर हात मारला. "ताई, तू स्कूटर घेणार होतीस ना?"

"घेतली की. हिला किक मारावी लागत नाही."

"ती मारते!"

"मग बरंच झालं. माझे गुडघे वाचले."

नाव बॉबिन. खुंट्याला बांधला की तो गोल गोल फिरायचा आणि सगळी दोरी स्वतःभोवती गुंडाळून घ्यायचा. दुकानात तो मावत नव्हता. म्हणून मग तबेला शोधला, आणि इथूनच सगळं उसवायला लागलं.

तबेल्याच्या कमानीवर लिहिलं होतं, 'राजेशाही अश्वसदन. घोड्यांचे दुसरे घर.' पहिलं घर सोडून घोड्यांनी इथे का यावं, ते लिहिलेलं नव्हतं. आत घोडे बांधायची बारा ठाणं, एक गळकं छप्पर आणि एकतीस पाट्या. मी मोजल्या. छपराला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नव्हता, पाट्यांचा रंग मात्र ताजा. 'घोड्यांशी प्रेमाने बोलावे.' 'लीद दिसल्यास दुर्लक्ष करू नये.' ही दुसरी पाटी लिदीच्या ढिगातच रोवलेली होती. सगळे तिच्याकडे दुर्लक्ष करत होते.

मालकाकडे तीन टोप्या होत्या. पांढरी टोपी घातली की तो मालक. हिरवी घातली की व्यवस्थापक. लाल घातली की घोडेतज्ज्ञ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

"मालक म्हणून मला फार वाईट वाटतं हो, मॅडम," तो पांढरी टोपी छातीशी धरून म्हणायचा. "पण व्यवस्थापक ऐकत नाही. कडक माणूस."

"त्याला बोलवा," मावशी म्हणायच्या.

तो खोलीत जायचा आणि हिरवी टोपी घालून बाहेर यायचा. "काय काम आहे?"

तक्रार एकच होती. वाटेतल्या नळाला गळती होती आणि फरशीचा उतार बॉबिनच्या ठाणात संपत होता. त्याच्या पायाखालचं गवत कायम ओलं. एक दिवस मावशींनी त्याला फरशीवरून चालवलं, डोळे मिटले आणि तोंड वाकडं केलं. "मागचा डावा. टाका सुटतोय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. चार पाय, चार आवाज.

नाल ठोकणारा नालबंद आला. बिडीसारखा सुका माणूस. त्याने पाय मांडीवर घेऊन खूर खरवडला आणि नाक फिरवलं. "तळव्याची गादी कुजतेय. वास नाही येत का तुम्हाला? याला कोरड्यात उभा करा. सहा आठवडे पाठीवर माशीसुद्धा बसता कामा नये. नाहीतर हा पाय गेला समजा. आणि तीन पायांचा घोडा कुणी पोसत नाही, बाई."

मावशींनी बॉबिनच्या मानेवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तू साहित्य शिकलीस ना? लिही अर्ज." मी दीड पान लिहिलं. त्यात मुक्या जिवाची वेदना होती. मावशींनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पेन घेतलं. खाली एकच वाक्य उरलं. 'ठाण ओलं आहे, घोड्याचा पाय कुजतोय, नळ दुरुस्त करा.'

आठवड्याने उत्तर आलं. बत्तिसावी पाटी. 'ओल ही नैसर्गिक आहे.'

शेवटी मावशींनी स्वतः पाना नेला आणि नळ बसवला. पाच मिनिटांचं काम. लाल टोपी बाजूला उभी राहून बघत होती. "मॅडम, घोडेतज्ज्ञ म्हणून सांगतो, थोडी ओल खुराला चांगली असते. आम्ही त्याला संपूर्ण विश्रांती देतोय. खोगिराला हात नाही."

ठाण वाळलं. पण पाय बरा होईना. उलट दर मंगळवारी टाका जास्तच सुटायचा. मावशी डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि ओठ आवळायच्या.

"मावशी, दर मंगळवारीच का?"

"मी पण तेच ऐकतेय."

खोगीर मावशींचंच होतं. ते सामानाच्या खोलीत टांगलेलं असायचं. पोटाखालून खोगीर आवळायचा जो पट्टा असतो, त्याला तंग म्हणतात. मावशींनी तो तंग दुमडला आणि निळ्या दोऱ्याने त्यावर एक कच्चा टाका घातला. हाताने ओढला की तुटेल इतका कच्चा. खोगीर खाली काढून कुणी तंग उलगडलाच नाही, तर टाका जन्मभर राहील.

रविवारपर्यंत टाका शाबूत होता. सोमवारी दुकानामुळे आम्ही जात नसू; मंगळवारी गेलो तर तो तुटलेला.

"उंदीर," पांढरी टोपी म्हणाली. "फार झालेत."

त्यांनी पुन्हा घातला. पुन्हा तुटला.

"उंदीर बरोबर मधोमध कुरतडतात का हो?" मावशींनी विचारलं. "आणि फक्त सोमवारी?"

"हुशार जात आहे, मॅडम."

तिसऱ्या वेळी आम्ही गेलो तर टाका जागच्या जागी. मी खूश झाले. मावशींनी तंग उजेडात नेला, चष्मा वर केला आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना गवताच्या गंजीवर बसावं लागलं.

"काय झालं?"

"बघ ना. दोरा काळा आहे."

मी बघितलं. टाका तसाच, त्याच जागी, तेवढाच. दोरा काळा.

"उंदीर शिवायला शिकले गं," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या दुकानात ठेवून घेते त्यांना." मग त्यांचं हसू थांबलं. "सोमवारी त्याच्यावर माणसं बसवतायत. या पायावर."

दारात म्हातारा मोतद्दार उभा होता. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, सगळं त्याच्याकडे. महिनाभरात मी त्याच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. त्याने बॉबिनची बादली उचलली आणि निघून गेला.

त्याच दिवशी मावशींनी घोडा हलवायचं ठरवलं. नालबंदाच्या घरामागे कोरडी, लाकडाच्या भुश्श्याची जागा होती. पण फाटकाला साखळी होती आणि किल्ली हिरव्या टोपीच्या खिशात.

"चार रविवार आधी अर्ज," हिरवी टोपी म्हणाली. "पाटी क्रमांक सात. त्यावर व्यवस्थापकाची सही."

"व्यवस्थापक तुम्हीच ना?"

"हो. म्हणून तर सांगतोय."

"चार रविवारात पाय जाईल त्याचा!"

"मालकांशी बोला."

मावशी पाठ फिरवून चालू लागल्या. मला वाटलं, हरल्या. त्या कमानीपाशी थांबल्या आणि पाट्या वाचू लागल्या. एकेक करून. सगळ्या बत्तीस. अकरा नंबरापाशी त्या दोनदा थांबल्या.

"रविवारी इथे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. तेहतिसावी पाटी ओल्या रंगाची होती. 'रविवारी सकाळी पाहुण्यांसाठी अश्वसदन खुले. घोड्यांच्या मालकांनी कृपया येऊ नये.'

"येऊ नये म्हटलंय," मी म्हणाले.

"कृपया म्हटलंय," मावशी म्हणाल्या.

रविवारी तबेल्यात पन्नासेक माणसं होती. फरशी धुतलेली. लिदीच्या ढिगावर हिरवं कापड. मालकाच्या हातात माइक होता आणि डोक्यावर पांढरी टोपी. बाकीच्या दोन त्याने कमरेच्या पट्ट्यात खोचल्या होत्या. मध्यभागी बॉबिन. त्याच्यावर मावशींचं खोगीर आणि खोगिरावर एक बँकेतले साहेब. नवे कोरे बूट, छाती पुढे.

"हा आमच्या सदनाचा हिरा!" माइक ओरडला. "तंदुरुस्तीचा नमुना!"

"थांबा," मावशी म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. पण मशीनच्या खडखडाटावरून बोलायची सवय असलेला आवाज होता तो. सगळे वळले.

"साहेब, चार पावलं चालवा त्याला. आणि बाकीच्यांनी जरा गप्प बसा. नुसतं ऐका."

बँकेतल्या साहेबांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी सांगितलेलं केलं. पन्नास माणसं गप्प झाली. धुतलेल्या फरशीवर बॉबिन चालला.

टप. टप. टप. मग पोकळी. मग टप.

या वेळी मलाही ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं. पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अगं बाई, लंगडतोय."

मालकाने चटकन लाल टोपी चढवली. "घोडेतज्ज्ञ म्हणून सांगतो, हा घोडा आजारी आहे! जन्मापासून! आमचा काही दोष नाही. आम्ही तर याला हातसुद्धा लावत नाही!"

"मी वर बसलोय," बँकेतले साहेब म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग हसू पसरत गेलं.

"आजारी आहे म्हणता?" मावशींनी शांतपणे विचारलं.

"शंभर टक्के!"

"अकरा नंबरची पाटी वाचता का? साहेब, तुम्ही उंचावर आहात, तुम्हाला दिसेल."

साहेबांनी मान लांब केली आणि मोठ्याने वाचलं. " 'आजारी घोडा आवारात ठेवता येणार नाही. मालकाने त्याच दिवशी बाहेर न्यावा. अर्जाची गरज नाही.' "

मालक पाटीकडे बघत राहिला. त्यानेच रंगवली होती.

"मालक मी आहे," मावशी म्हणाल्या. "दिवस आज आहे. आता हिरवी घाला आणि साखळी काढा."

यानंतर जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. त्याने लाल टोपी काढली, पट्ट्यातली हिरवी काढून डोक्यावर घातली आणि खिशातून किल्ली काढली. सवय. टोपी बदलली की तो माणूस खरंच बदलत असावा. फाटक उघडून झाल्यावर कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. तोवर साहेब खाली उतरले होते. मोतद्दाराने न सांगता खोगीर काढून मला दिलं. ते भयंकर जड होतं.

नालबंदाच्या घरी पोचायला आम्हाला दोन तास लागले. दर पन्नास पावलांवर मावशी थांबत होत्या. वाटेत एक माणूस म्हणाला, "बाई, बसून जा की!" मावशी म्हणाल्या, "त्याला विचारलं. तो म्हणाला, आधी तूच मला उचल."

या गोष्टीला सात आठवडे झाले. काल मोतद्दार दुकानात आला. बगलेत घोड्याची फाटकी झूल. तबेल्यात चौतिसावी पाटी लागलीय, त्याने सांगितलं. 'आवारात सुई-दोरा आणण्यास सक्त मनाई.' म्हणून झूल इकडे आणली.

मावशींनी झूल मशीनखाली सरकवली. "तंगाला टाका तूच घातला होतास ना?"

"मालकांनी सांगितलं. म्हणाले, होता तसा घाल."

"मग काळा दोरा का? निळा मिळाला नाही?"

"होता की," मोतद्दार म्हणाला. "दोन रिळं होती."

मावशींनी पायडलवरचा पाय उचलला. मशीन थांबलं. त्यांनी त्याच्यासमोर स्टूल सरकवलं आणि मला चहा ठेवायला सांगितलं.

चहा झाल्यावर तिघंही नालबंदाकडे गेलो. बॉबिनला भुश्श्यातून काढून फरशीवर आणलं. मावशींनी डोळे मिटले. मोतद्दारानेही मिटले. शेवटी मीही मिटले.

"एक टाका अजून बारीक पडतोय," मावशी म्हणाल्या.

"पडू दे," मोतद्दार म्हणाला. "सुटत तर नाही."